आईपाणी

४ मार्च

आले बाई एकदाची! सामान खोलीत टाकलं, खिडकी उघडली आणि आधी सटासट शिंका दिल्या. भिंतींना रंग ताजा आहे. कंपनीच्या क्वार्टरमधली पहिल्या मजल्यावरची ही खोली, एक ओटा, दोन शेगड्यांचा गॅस, न्हाणीघर स्वतंत्र, आणि खिडकीतून दिसते ती कारखान्याची पांढरी भिंत. असू दे. दादा-वहिनीच्या घरात बैठकीतल्या सोफ्यावर इतके दिवस काढल्यावर स्वतःच्या खिडकीतून दिसणारी भिंतसुद्धा छान वाटते.

खिडकीखालची जागा वितीने मोजून ठेवली. भिंगरीची गादी तिथे बरोबर बसते. भिंगरी म्हणजे माझी लेक, आता पहिलीत जाईल. एका जागी म्हणून ठरत नाही, त्यामुळे भिंगरी. ती रांगत होती तेव्हाच तिचे बाबा वारले, तेव्हापासून आम्ही दोघीच.

पण इथला नियम असा की कायम झाल्याशिवाय क्वार्टरमध्ये मूल ठेवता येत नाही. मला मेअखेरपर्यंत मुदत आहे. तोवर ती दादा-वहिनीकडे. जूनमध्ये दादाची बदली होतेय, आणि वहिनीने स्वच्छ सांगितलंय की नव्या गावी स्वतःची दोन सांभाळून तिसरं जमायचं नाही. वहिनी वाईट नाही हो, तिची दमछाक मला दिसते. म्हणजे मेअखेरीला मी कायम व्हायलाच हवं. विषय संपला.

निघताना भिंगरीने माझ्या मानेत तोंड खुपसलं आणि हुकूम सोडला की तुझा वास माझ्या फ्रॉकला लावून ठेव. मी हसले, आणि बस सुटल्यावर असं रडले की शेजारच्या बाईंनी आपला रुमाल काढून दिला. रुमाल परत द्यायचाच राहिला.

५ मार्च

आज काम कळलं. हा कारखाना एकच माल करतो: पोटॅशियम डायहायड्रोजन फॉस्फेट, प्रयोगशाळेत वापरायच्या प्रतीचं. इथे सगळे त्याला नुसतं ‘मीठ’ म्हणतात. जेवणातलं नव्हे, त्याचं तर नावही काढायचं नाही, कारण त्यात सोडियम. आमचं मीठ पांढरं, बिनवासाचं, पाण्यात विरघळतं, स्पिरिटमध्ये नाही. त्याचं पाणी किंचित आंबट होतं. त्याचा एक भाऊ आहे, डायपोटॅशियम, तो हवेतली ओल ओढून बरणीत चिखल करून बसतो. आमचं गुणी आहे, झाकण उघडं राहिलं तरी कोरडंच. आणि स्फटिक इतके देखणे! चौकोनी कांडी आणि दोन्ही टोकांना निमुळती छपरं. मी एक उचलून तळहातावर घेतला आणि पहिल्याच दिवशी बोलणी खाल्ली. हात लावायचा नसतो म्हणे.

मी शुद्धता तपासणार. वाळवल्यावर वजन किती घटतं, न विरघळणारा गाळ किती राहतो, आम्लता, क्लोराइड, लोखंड, आणि सगळ्यात शेवटी सोडियम. आमचं गिऱ्हाईक आहे जिवंत पेशी वाढवणारी एक मोठी प्रयोगशाळा. त्यांना सोडियम इतकं कमी हवं की आकडा वाचून मला हसू फुटलं. अहो, सोडियम जगात सगळीकडे असतं. धुळीत, काचेत, नळाच्या पाण्यात. पण प्रमुख बाई हसल्या नाहीत. त्यांनी शांतपणे सांगितलं की माझ्या हातून ओळीने तीन लॉट पास झाले की मी कायम.

बाई ठेंगण्या, गोऱ्यापान, आवाज कधी चढत नाही. दुसरे आहेत ते वजनाच्या काट्यावर बसणारे काका. त्यांना सगळे तोळामासा म्हणतात, वजन करतात म्हणून आणि तब्येत तशीच नाजूक म्हणून. डोळ्यांत सारखे थेंब घालतात. डोळे कोरडे पडतात म्हणे.

६ मार्च

इथे एक प्रकार आहे. सकाळी आत जायच्या आधी सगळ्यांनी हात ‘मिठात’ धुवायचे. सगळ्यात चांगल्या लॉटचं, आणखी विरघळणार नाही इतकं दाट केलेलं द्रावण घमेल्यात असतं. स्फटिक धुताना आम्ही हेच करतो, त्यांच्याच दाट पाण्याने धुतो, म्हणजे स्फटिक विरघळत नाही आणि वरचा मळ तेवढा निघून जातो. इथे तीच युक्ती माणसाला लावलीय. मग बोटावरचा थेंब प्लॅटिनमच्या तारेवर घेऊन बर्नरमध्ये धरायचा. ज्योत जांभळी, म्हणजे पोटॅशियम, म्हणजे आत चला. पिवळी, म्हणजे सोडियम, म्हणजे परत धुवा. मी सात वेळा धुतले. मागे रांग लागली. मेले सगळे गप्प उभे, कोणी एक जांभईसुद्धा देईना.

शेवटी तोळामासा काकांनी खिशातून निळ्या काचेचा तुकडा काढून दिला. त्यातून बघितलं की पिवळं दिसतच नाही, नुसतं जांभळं. जुन्या काळी असंच बघायचे. काच तुमच्याकडेच ठेवा म्हणाले, मला आता लागत नाही.

धुतलेलं पाणी फेकायचं नाही. मागच्या शेडमध्ये मोठा हौद आहे, त्यात ओततात. स्फटिक काढल्यावर मागे जे पाणी उरतं तेही तिथेच. पुस्तकात त्याला मातृद्रव म्हणतात, इथे आईपाणी. स्फटिकाला जे जे नको असतं ते सगळं त्यात राहतं. कारखाना सुरू झाल्यापासून तो हौद रिकामा केलेला नाही. मी विचारलं, का? तर बाई म्हणाल्या, सगळं इथलंच आहे, टाकायचं कुठे. हौदावर वाकले तर तपकिरी पाणी, आणि वास ओळखीचा. गर्दीत, माणसांच्या अंगाला येतो तसा.

१६ मार्च

पहिला लॉट नापास. बाकी सगळं चोख! गाळ नाही, लोखंड नाही, आम्लता हवी तिथे. सोडियम मात्र मर्यादेच्या दुप्पट. पुन्हा केलं, तिप्पट. हे काय गौडबंगाल आहे? तपासताना वाढतंय कसं?

भिंगरीशी फोनवर बोलले. तिला निळ्या काचेची गोष्ट सांगितली. ती मला हवी, मला हवी असा धोशाच लावला. आल्यावर देईन म्हटलं.

२९ मार्च

दुसराही गेला. डोकं फिरायची वेळ आलीय.

आधी पाण्यावर संशय घेतला. पाणी स्वच्छ निघालं. मग काचेवर, कारण काचेतून सोडियम झिरपतं. म्हणून सगळी भांडी प्लास्टिकची केली. मग धूळ, म्हणून खिडक्यांच्या फटी चिकटपट्टीने बुजवल्या. मग हातमोज्यांची पावडर, म्हणून मोजे बदलले. जिथे म्हणून हात घालता येईल तिथे घातला. आकडा ढिम्म हलत नाही. उलट जितकी जास्त मेहनत करावी तितका चढतो. काल मी पिपेट आपटलं, तर त्या दिवसाचा आकडा सगळ्यात मोठा!

तोळामासा काका काट्यावरून मान न वळवता बोलले की तुमचा राग वजनात येतो. म्हटलं काका, थट्टा करायला हीच वेळ सापडली का? ते म्हणाले की थट्टा येत नाही आताशा.

५ एप्रिल

ताप आला म्हणून दोन दिवस घरी होते. माझ्या जागी बाईंनी स्वतः तपासलं. सोडियम मर्यादेच्या आत. लॉट तोच, पाणी तेच, भांडी तीच.

म्हणजे मी. दोष माझ्यात आहे.

बाईंनी समोर बसवून समजावलं, अगदी मायेने. माणूस गळत असतो, म्हणाल्या. घामातून, श्वासातून, डोळ्यांतून. काही कमी गळतात, काही जास्त. तुम्ही फार गळता. नुसते हात धुऊन तुमचं भागणार नाही. मला संताप आला. मी नळ आहे का? पण बोलता आलं नाही, कारण डोळ्यांत पाणी आलं, आणि मधल्या टेबलावर जळणारी बर्नरची ज्योत भसकन पिवळी झाली. मी पाहिली. बाईंनीही पाहिली.

वहिनीचा फोन होता. दादाच्या बदलीचा कागद आला. भिंगरीचं काय ठरलं, विचारत होती. ठरेल म्हटलं. काय ठरेल, कपाळ?

९ एप्रिल

आज द्रावणाचा एक कॅन घरी आणला. चोरून नाही, बाईंना विचारून. त्या म्हणाल्या, आम्ही सगळे नेतो.

बादलीत ओतला आणि आंघोळ केली. विशेष काही वाटलं नाही. जरा आंबूस, जरा थंड. अंगावर कोरडा झाला की कातडी ताणल्यासारखी होते, बस. यात घाबरण्यासारखं काय आहे? पोटॅशियम काय, फॉस्फेट काय, दोन्ही आपल्या हाडामांसात असतातच. खतात घालतात, औषधात घालतात. मी उगाच नाटकं करत होते. लेकीसाठी बाया काय काय करतात, मी एक आंघोळ बदलली.

सकाळी एकदाच हात धुतले आणि ज्योत जांभळी. रांगेतले सगळे माझ्याकडे बघून हसले. म्हणजे हसल्यासारखं तोंड केलं.

१८ एप्रिल

पास!! पहिला लॉट पास! सोडियम मर्यादेच्या अर्ध्यावर. मी बाईंना मिठीच मारणार होते, पण त्या दोन पावलं मागे सरल्या. बरोबर आहे, अजून मी गळतेच की.

दुपारी ऊन मी म्हणत होतं तरी घाम आला नाही. बरंच झालं.

२६ एप्रिल

जेवण आळणी लागतं. भाजीत वरून मीठ घेतलं, पुन्हा घेतलं, तरी काही नाही. तिसऱ्यांदा चमचा भरून तसंच तोंडात टाकलं. नुसती रेती.

उशीवर सकाळी बारीक चुरा होता. रंगाचे पोपडे समजून झटकणार होते, मग उजेडात धरून नीट पाहिलं. चौकोनी कांड्या. दोन्ही टोकांना छपरं.

काकांना विचारलं. त्यांनी डोळ्यांत थेंब घातले आणि सांगितलं की सुरुवातीला होतं, नंतर सवय होते. मी विचारलं, तुमच्या घरी कोण कोण असतं? त्यांनी बराच विचार केला. असावं कोणीतरी, म्हणाले. वजन बघून सांगितल्यासारखं म्हणाले, आणि पुढच्या बाटलीकडे वळले.

मला भीती वाटायला हवी होती. मला चीड आली, आणि तीसुद्धा पुरती आली नाही. शिंक येता येता राहावी तशी.

५ मे

दुसरा लॉट पास.

भिंगरी फोनवर रडली. मामेबहिणीने तिची बाहुली मोडली, अंगणात कोणीतरी तुला आई नाहीच म्हणून चिडवलं, कधी नेतेस मला. हुंदके देत होती. मी ऐकलं. सगळं ऐकलं. आणि माझ्या मनात आलं काय, तर ही किती गळते.

फोन ठेवून मी स्वतःच्या थोबाडीत मारून घेतली. लागलं नाही. रडायचा प्रयत्न केला. कांदा चिरला, बसमधल्या बाईंचा रुमाल नाकाला लावला, तिच्या बाबांना आठवलं. कोरडी. डोळे नुसते चुरचुरतात, कडेला खरखरीत चुरा जमतो.

मला माझं रडं परत पाहिजे. मला माझा संताप परत पाहिजे. या माणसांवर आरडाओरडा करायचाय आणि तोंडातून निघतं ते ‘बरं, ठीक आहे.’ काय करू मी? कशी चिडू?

६ मे

द्रावणाची आंघोळ बंद केली. साध्या पाण्याने अंग धुतलं. पाणी अंगाला लागतच नाही, ओघळून जातं.

१३ मे

आंघोळ बंद करून आठवडा झाला, काही फरक नाही. तिसरा लॉटही पास झाला. बाईंनी माझा आकडा सगळ्यांना दाखवला. सोडियम सापडलंच नाही. कायमची ऑर्डर महिनाअखेरीस हातात मिळेल. भिंगरी येऊ शकते.

हेच तर हवं होतं ना? मग आनंद कुठे आहे? शोधला. नाही.

१५ मे

सापडलं. माझं सगळं सापडलं.

मागच्या शेडमध्ये घमेली ओतायला गेले होते. हौदावर वाकले आणि इतक्या दिवसांत पहिल्यांदा वास जाणवला. तो वास! त्यात माझा वास आहे. आणखी किती जणांचा असेल कोण जाणे, पण माझा मी ओळखणार नाही? मोजा काढला आणि हात कोपरापर्यंत आत घातला.

देवा! रडू फुटलं. ओक्साबोक्शी रडले. आणि असली चीड आली, बाईंची, काकांची, त्या गिऱ्हाइकाची, तीन लॉट तीन लॉट करणाऱ्या माझ्या मूर्खपणाची! तिथेच हौदाला दोन लाथा घातल्या. अंगठा ठेचला, दुखला, आणि दुखला म्हणून किती बरं वाटलं. भिंगरीला इथे आणायचं नाही. कधीच नाही. माझी बाय या बादलीत, या माणसांत? मी नोकरी सोडते. आजच निघते.

हात बाहेर काढला. वाळायला लागला. दरवाज्यापर्यंत येईतो वाटायला लागलं की एवढी काय घाई आहे.

तशीच मागे फिरले, पुन्हा हात घातला, पुन्हा सगळं आलं. म्हणजे बाटलीतून न्यायचं. पण बाटलीत भरून खोलीवर आणलं तर नुसतं घाण पाणी. काही होत नाही. तिथेच जाऊन, हात आत ठेवूनच —

२० मे

रोज जाते. दुपारी जेवायच्या सुट्टीत, सगळे आत असतात तेव्हा. हात घालते तेवढा वेळ मी माणूस असते. शेडमध्ये फोन लागत नाही. रेंजच नाही. वैताग! हात हौदात आणि फोन लागायला दरवाज्याबाहेर यायचं, आणि बाहेर आलं की मी परत अशी.

तरी एकदा दरवाज्यात उभी राहून वहिनीला फोन केला. तिला सांगितलं की भिंगरीला पाठवू नका, इथे धोका आहे. हेच शब्द वापरले. पण आवाज असा निघाला, जणू येताना कोथिंबीर आणू नकोस म्हणतेय. वहिनी हसली. म्हणाली, किती दिवसांनी तुझा आवाज शांत ऐकला गं, नाहीतर नुसती आदळआपट असायची. नोकरी मानवली तुला. दादालाही बरं वाटलं म्हणे.

२२ मे

उपाय सुचला. लांब रबरी नळी आणायची, पाणी हौदापासून न तुटता वर चढवायचं, दरवाज्याबाहेर हातावर धार धरायची आणि बोलायचं. वहिनीला माझं रडणं ऐकू गेलं पाहिजे. एवढंच. एक हुंदका ऐकला तरी ती समजेल. वहिनी समजते.

नळी मिळाली. सोमवारी करते.

२५ मे, सोमवार

हौद रिकामा आहे.

तळ घासलेला. पांढरा. बाई तिथे उभ्या होत्या. मायेनेच म्हणाल्या की तुम्ही रोज इथे येता, हे तुम्हाला बरं नाही. इतकी वर्षं उगाच साठवलं, काल सगळं सोडून दिलं. कुठे, विचारलं. गटारात.

मी म्हटलं, बरं. ठीक आहे.

२६ मे

हौदाची भिंत चाटली. कोपऱ्यात. काही नाही.

२८ मे

कायम झाले. सहीचा कागद. टाळ्या. काका म्हणाले की आता तुमचं वजन स्थिर आहे.

त्यांनी विचारलं, घरी कोण कोण असतं तुमच्या?

मी बराच विचार — भिंगरी. भिंगरी. भिंगरी. लिहून ठेवते. ओट्यावर, दारावर, हातावर. तिला इथे आणायचं नाही. का नाही ते — सोमवारचं पान वाचायचं. शुक्रवारचंही, १५ तारखेचं.

२९ मे

वहिनीला पुन्हा फोन केला. नको पाठवू. नको. नको म्हटलं. ती म्हणाली, तिकीट काढलं, भिंगरी नाचतेय, आता मागे नको घेऊस. दादाचं सामान गेलं. घर रिकामं करतोय.

मी ओरडले. ओरडण्याचा आवाज आला नाही. बरं, ठीक आहे, असा आला.

३१ मे

निळी काच. काच डोळ्याला लावली की पिवळं दिसत नाही. हे सुचलं म्हणजे अजून थोडी मी आहे.

ती आली की काच डोळ्यावरून काढायची नाही. ती गळली तरी मला दिसणार नाही. मग मी काही करणार नाही. उद्याची दुपार, मग तिला घेऊन बस. परत. कुठेही. बसपर्यंत काच धरून ठेवायची. एवढं जमेल. आई आहे मी तिची.

बादल्या उपड्या ठेवल्यात. कॅन बाहेर —

कॅन बाहेर ठेवायचा होता. आत आहे. बादलीही भरलेली आहे. मी भरली? —

१ जून

आली. दादा दारातूनच गेला, त्याला गाडी गाठायची होती. निळी दिसते ती. निळा फ्रॉक, निळे दात, एक पडलाय. छान आहे. काच घट्ट धरलीय.

खोलीभर फिरली. दारावरचं स्वतःचं नाव वाचलं. सोप्पं आहे म्हणाली. गादीवर उड्या. मग येऊन मानेत तोंड खुपसलं. आणि थांबली.

तुला वासच नाही येत, म्हणाली.

मग माझ्याकडे बघत राहिली. ओठ काढला.

पिशवी भरलेली आहे. बस आहे. उठायचंय. उठते —

ती म्हणतेय, काच दे. तू प्रॉमिस केलं होतंस, आल्यावर देईन म्हणालीस. सारखं म्हणतेय. दे ना गं आई, दे ना.

दिली. तिने मागितली म्हणून —

दिली.

गॅसवर दूध ठेवलं होतं. शेगडी पिवळी. दुसरीही पिवळी. पूर्ण. ती रडतेय म्हणून. गालावर, हनुवटीवर, फ्रॉकवर, फरशीवर, वहीच्या या पानावर. किती गळते. एवढी लहान आणि किती —

पान पुसलं.

मागची पानं वाचायची होती. कुठलं पान —

पाणी कोमट आहे. तिला हाक मारली. चांगल्या आवाजात. ती डोळ्याला काच लावून हसत आली. ये भिंगरी. आधी हात. मग डोळे. मग